वक्त्याचा लौकिक आणि श्रोत्यांचा विश्वास

शाळेचे स्नेहसंमेलन, महापुरुषांची जयंती, ग्रामपंचायतीचा एखादा उपक्रम किंवा स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेल्या विद्यार्थ्यांचा सत्कार अशा प्रसंगी प्रेरणादायी व्याख्यान ठेवण्याची प्रथा आता ग्रामीण महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. बीड जिल्हाही त्यास अपवाद नाही. व्याख्यानांची मागणी वाढली, तसा व्याख्याता हा एक व्यवसाय झाला. आणि व्यवसाय म्हटला की नाव कमावण्याचा प्रश्न ओघानेच आला. आपली वेगळी ओळख निर्माण करावी, ती चित्रफिती व समाजमाध्यमे यांच्या द्वारे सर्वदूर पोचवावी, असा सल्ला तरुण वक्त्यांना सर्रास दिला जातो. या ओळखीलाच आजच्या भाषेत ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात. मराठीत तिला वैयक्तिक नाममुद्रा म्हणता येईल.

हा प्रश्न केवळ वक्त्यांपुरता मर्यादित नाही. वक्त्याला निमंत्रण देणारे मुख्याध्यापक, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांचाही त्याच्याशी तितकाच निकटचा संबंध आहे. व्याख्यान ऐकून एखादा विद्यार्थी आपली शिक्षणाची वाट बदलतो, एखादा शेतकरी नव्या धंद्यासाठी कर्ज काढतो, एखादी माता मुलीचे लग्न पुढे ढकलून तिला शिकविण्याचा निश्चय करते. वक्ता दुसऱ्या गावी निघून जातो. निर्णयाचे बरेवाईट परिणाम मात्र श्रोत्याच्या घरात राहतात. म्हणून वक्त्याचा लौकिक कसा घडतो, तो कशाच्या आधारे टिकतो आणि संयोजकांनी तो कसा पारखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुद्रा कोणी उमटवावयाची?

‘ब्रँड’ या इंग्रजी शब्दाचे मूळ जाळण्याच्या क्रियेत आहे. तापलेल्या लोखंडाने जनावराच्या अंगावर जो डाग देतात, त्यास हा शब्द लावीत. पुढे तो मालाच्या छापास लागू झाला. १९९७ साली टॉम पीटर्स या अमेरिकन व्यवस्थापन-लेखकाने एका गाजलेल्या लेखात प्रत्येक व्यक्तीने स्वतःकडेही असाच एक छाप म्हणून पाहावे, असे प्रतिपादन केले आणि ही कल्पना जगभर पसरली. वक्तृत्वाचे पद्धतशीर शिक्षण मात्र याहून जुने आहे. डेल कार्नेगी यांनी १९१२ साली न्यूयॉर्क येथे भाषणकलेचे वर्ग सुरू केले. १९२४ साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे राल्फ स्मेडली यांनी टोस्टमास्टर्स या मंडळाचा आरंभ केला. सामान्य माणसाची भीड चेपावी आणि त्याला चारचौघांत आपले म्हणणे नीट मांडता यावे, हा या दोन्ही उपक्रमांचा मुख्य हेतू होता.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. जनावरावरचा डाग मालक देतो आणि तो क्षणात उमटतो. माणसाचा लौकिक लोक देतात आणि त्याला वर्षे लागतात. आपल्या भाषेत नाव ‘कमावतात’. कमावणे या क्रियापदात श्रम आहेत, वेळ आहे आणि मोबदला देणारा दुसरा माणूसही आहे. वक्त्याने स्वतः करावयाची गोष्ट म्हणजे काम; त्यावर मुद्रा उमटविण्याचा अधिकार श्रोत्यांचा.

बीड जिल्ह्याचे व्यासपीठ

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. मराठी मुलखात व्याख्यान ऐकण्याची सवय लावण्यात या मालेचा वाटा मोठा आहे. बीड जिल्ह्याचा इतिहास मात्र निराळा आहे. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामी राजवटीखाली होता. ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाने तेथे सार्वजनिक सभांवर कडक निर्बंध घातले होते. मोकळ्या सभांना वाव नसल्यामुळे लोकांना एकत्र आणण्याचे काम कीर्तन, हरिनाम सप्ताह आणि शाळा यांच्याकडे आले. त्या काळी मोमिनाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ यांनी १९३५ पासून योगेश्वरी विद्यालयाची धुरा वाहिली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. मराठवाड्यातील जनतेने त्यांना प्रथम पाहिले ते शिक्षक या नात्याने, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

सप्ताहाची परंपरा आजही जिल्ह्यात गावोगाव जिवंत आहे. त्यामुळे येथील ग्रामीण श्रोता अननुभवी आहे, असे कोणी समजू नये. लहानपणापासून त्याने अनेक कीर्तनकार ऐकलेले असतात. अभंगाचे निरूपण करताना कोणता दृष्टांत कोठे शोभतो आणि कोण नुसतेच हसवितो, हे त्याला बरोबर कळते. कीर्तनकार घडविण्याची रीतही ठरलेली आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदी येथे स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जेथे कीर्तन करावे तेथील अन्नाचा व धनाचा लोभ धरू नये, असा दंडक तुकोबांनी घालून दिला आहे. तो सर्वत्र पाळला जातो असे नव्हे. तथापि, बोलण्याआधी शिकावे आणि बोलण्यातून मिळणाऱ्या लाभाविषयी सावध राहावे, हे दोन्ही नियम या भूमीला परिचित आहेत. आजच्या व्याख्यात्याने आपली नाममुद्रा घडविताना याच परंपरेकडे प्रथम पाहावे.

नाव कसे जडते?

या संदर्भात चार उदाहरणे पाहणे उद्बोधक ठरेल. पहिले उदाहरण विदर्भातील, पण सर्व महाराष्ट्राला आपले वाटणारे आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी जानोरकर यांना लोकांनी गाडगेबाबा हे नाव दिले, ते त्यांच्या जवळ सदैव असणाऱ्या गाडग्यावरून. दुसरी खूण म्हणजे हातातील खराटा. बाबा गावात आले की आधी गाव झाडीत. कीर्तन रात्री होई. कीर्तनात ते श्रोत्यांनाच साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. लोकांच्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी काही ठेवले नाही. १९५६ साली त्यांचे निधन झाले. २०००–०१ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव देण्यात आले. खराटा ही त्यांनी निवडलेली जाहिरातीची खूण नव्हती. ते कामाचे साधन होते आणि म्हणूनच ते त्यांची ओळख ठरले.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्याच्याच मातीतील आहे. पाटोदा तालुक्यातील सुपे सावरगाव येथे १८९६ साली जन्मलेले आबाजी सानप पुढे भगवानबाबा म्हणून प्रसिद्धीस आले. नारायणगडाच्या परंपरेत ते वाढले. नंतर शेजारच्या पाथर्डी तालुक्यातील गड त्यांच्या नावाने भगवानगड म्हणून ओळखला जाऊ लागला. बालाघाटाच्या डोंगरातील कष्टकरी समाजाला त्यांनी कीर्तनातून व सप्ताहांतून भक्तीबरोबरच मुलांना शिकविण्याचा आग्रहपूर्वक उपदेश केला. १९६५ साली ते निवर्तले. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ साली जी वसतिगृह योजना मंजूर केली, तिला संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना असे नाव आहे. ज्याने शिक्षणाचा आग्रह धरला त्याचे नाव वसतिगृहाला आणि ज्याने गाव झाडले त्याचे नाव स्वच्छतेच्या अभियानाला, हा योगायोग नव्हे. दोघांच्याही निधनानंतर अनेक वर्षांनी त्यांची नावे त्यांच्या कामालाच जाऊन मिळाली आहेत.

तिसरे उदाहरण राजकीय सभेचे आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांनी १९३० साली तलाठ्याची नोकरी सोडून कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेतली. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचे जे पर्व घडले, त्याचे ते नेते होते. त्यांचे भाषण रांगडे, ग्रामीण बोलीतील आणि शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारातील दाखल्यांनी भरलेले असे. लग्नात कर्ज काढू नका, असे सांगणाऱ्या या चळवळीने अल्प खर्चाचे गांधी विवाह प्रत्यक्ष लावून दिले; तंटे मिटविण्यासाठी गावोगाव लोकन्यायालये भरविली. १९६७ साली बीड मतदारसंघातील जनतेने सातारा भागातील या वक्त्याला लोकसभेवर निवडून दिले. निवडणुकीतील यशाची कारणे अनेक असतात. तरीही परक्या जिल्ह्यातील माणसाला येथील शेतकऱ्याने आपले मानले, यात त्यांच्या बोलीचा आणि त्यामागील त्यागाचा भाग निश्चितच होता.

चौथे उदाहरण विद्वत्तेच्या मार्गाचे आहे. प्राचार्य शिवाजीराव भोसले हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक आणि फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले; बीड जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. स्वामी विवेकानंद, योगी अरविंद, ज्ञानेश्वर या विषयांवरील त्यांच्या व्याख्यानांना महाराष्ट्रभर श्रोत्यांची गर्दी होत असे. हातात कागद न घेता ते ओघवते बोलत. पण त्या ओघामागे दीर्घकाळाचे अध्ययन होते. श्रोत्याला काहीतरी नवे समजल्याचे समाधान लाभत असे.

या चौघांचे मार्ग भिन्न, भाषा भिन्न आणि श्रोतेही भिन्न होते. समान धागा एवढाच की, प्रत्येकाच्या शब्दामागे तपासून पाहता येईल असे काही होते. एकाचा झाडलेला रस्ता, दुसऱ्याचा शिक्षणाचा आग्रह, तिसऱ्याचा त्याग, चौथ्याचा अभ्यास. नाममुद्रेचे रहस्य म्हणतात ते यापेक्षा निराळे नाही.

ऊसतोड वस्तीतील विद्यार्थी आणि वक्ता

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार का येते, हे समजून घेतले पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. पतिपत्नीची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ असा हिशेब असतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात हंगाम जातो. गाळप संपेपर्यंत मुले एक तर आईबापांबरोबर फडावर असतात किंवा आजी-आजोबांपाशी, हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहतात.

अशा शाळेत येऊन ‘परिस्थिती ही केवळ सबब आहे, मनात आणले की सर्व साध्य होते’ असे सांगणारा वक्ता टाळ्या मिळवितो. परंतु त्याच्या बोलण्याचा दुसरा अर्थ असा होतो की, जो मागे राहिला तो स्वतःच्या दोषाने राहिला. फडावर पाचट गोळा करणाऱ्या मुलीला हे ऐकविणे अन्यायाचे आहे. याउलट, आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते, हंगामी वसतिगृहासाठी शाळेकडे कधी नाव द्यावे, दाखला न काढताही फडाजवळच्या शाळेत बसता येते का याची चौकशी कोणाकडे करावी, एवढी माहिती उत्साहाच्या चार शब्दांसह देणारा वक्ता त्या मुलीच्या आयुष्यात खरी भर घालतो. स्पर्धा परीक्षांविषयीही हेच म्हणावे लागेल. राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत आणि उमेदवार लाखांत असतात. यशस्वी झालेल्या एकाची कथा सांगताना हे प्रमाण सांगणे व पर्यायी मार्ग दाखविणे, हा वक्त्याच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे.

तरुण वक्त्याने काय करावे?

वक्ता होऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली गोष्ट म्हणजे विषयाची निवड. सर्व विषयांवर बोलणारा वक्ता कोणत्याच विषयासाठी लोकांच्या स्मरणात राहत नाही. जलसंधारण, बालविवाह प्रतिबंध, व्यसनमुक्ती, शेतीचा हिशेब, परीक्षेची तयारी यांपैकी ज्याचा अनुभव वा अभ्यास असेल असा एकच विषय प्रथम घ्यावा आणि त्यात दोन-तीन वर्षे खर्च करावीत.

दुसरी गोष्ट लहान श्रोतृवर्गाची. वाडीवरची शाळा, महिला बचत गटाची बैठक, ग्रंथालयातील पंचवीस माणसे येथे वक्ता खरा घडतो. मोठ्या मंडपात श्रोत्यांचे चेहरे दिसत नाहीत. लहान खोलीत कंटाळलेला श्रोता लपत नाही. प्रत्येक व्याख्यानानंतर स्थळ, दिनांक, विषय, सांगितलेले दाखले आणि श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न एका वहीत टिपून ठेवावेत. पुढील व्याख्यानाची तयारी याच प्रश्नांतून होते.

तिसरी गोष्ट दाखल्यांच्या सत्यतेची. थोर पुरुषांच्या नावावर खपविल्या जाणाऱ्या कथा व वचने यांचा आज सुळसुळाट झाला आहे. ज्याचा आधार सापडत नाही ते सांगू नये. श्रोत्यांत एखादा जाणता शिक्षक असतोच. एक खोटा दाखला त्याच्या ध्यानी आला की उरलेले खरे भाषणही संशयास्पद ठरते. आपल्या तालुक्यातील, नावगावासह पडताळता येणारे उदाहरण दूरदेशीच्या दहा कथांपेक्षा अधिक परिणाम करते. मात्र कोणाची कौटुंबिक हकिकत त्याच्या संमतीवाचून व्यासपीठावर मांडू नये.

चौथी गोष्ट प्रसिद्धीची. भ्रमणध्वनीवरील चित्रफिती व समाजमाध्यमे ही आजच्या काळाची दवंडी आहे. तिचा उपयोग अवश्य करावा. परंतु दवंडीत विषय, वेळ, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे शिक्षण व काम सांगावे. विशेषणे श्रोत्यांवर सोपवावीत. भाषणातील केवळ टाळ्यांचे तुकडे प्रसारित करण्याऐवजी अधूनमधून संपूर्ण भाषण खुले ठेवावे, म्हणजे ऐकणाऱ्यास पुढचामागचा संदर्भ मिळतो.

पाचवी गोष्ट मानधनाची. वेळेचा व प्रवासाचा मोबदला घेण्यात कमीपणा नाही. तो आधी सांगावा, सर्वांना सारखा सांगावा आणि पावती द्यावी. व्याख्यानाच्या ओघात पुस्तके, शिकवणी वर्ग किंवा एखादी गुंतवणूक खपविणे मात्र सर्वस्वी गैर आहे.

संयोजकांची जबाबदारी

वक्ता निवडताना ग्रामपंचायतीने व शाळेने केवळ त्याचे अनुयायी किती आहेत, हे पाहू नये. तो पूर्वी ज्या गावी गेला असेल तेथील शिक्षकांकडे किंवा सदस्यांकडे दोन प्रश्नांची चौकशी करावी. तो काय बोलला, हे आज कोणाला आठवते का? आणि त्यातून गावात काही झाले का? व्याख्यानाचा खर्च रीतसर ठरावाने मंजूर करावा आणि विषय आधी लेखी निश्चित करावा. वक्त्याला गावाची माहिती आगाऊ पुरविणे हेही संयोजकांचे कर्तव्य आहे. पालकांसाठी व्याख्यान ठेवावयाचे असेल तर ते दसऱ्यापूर्वी ठेवावे, कारण त्यानंतर ज्यांनी ते ऐकावयाचे तेच गावात नसतात. प्रश्नोत्तरांसाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा आणि महिनाभराने शिक्षकांनी मुलांशी त्या विषयावर पुन्हा बोलावे. भाषणाने पेटलेली वात जपण्याचे काम गावातील माणसांनाच करावे लागते.

कायद्याची चौकटही संयोजकांना माहीत असावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींस प्रतिबंध आहे. त्याच कायद्याखालील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. निवडीची वा नोकरीची खोटी हमी देणे आणि यशस्वी उमेदवारांची नावे व छायाचित्रे त्यांच्या लेखी संमतीवाचून वापरणे त्यांनुसार वर्ज्य आहे. तसेच चमत्काराचा दावा करून लोकांना फसविणे व त्यावर पैसे मिळविणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. व्याख्यानाच्या नावाखाली असा कोणताही प्रकार होत असल्यास कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार व जबाबदारी संयोजकांची आहे.

समारोप

शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि पंचायत सदस्य हेही आपापल्या परीने वक्तेच आहेत. ग्रामसभेत दिलेले आश्वासन आणि वर्गात सांगितलेली गोष्ट यांवरच त्यांचे नाव ठरत असते. बाहेरून आलेला वक्ता एक संध्याकाळ बोलतो. ही मंडळी वर्षभर बोलतात आणि लोक त्यांना वर्षभर पाहतात. म्हणून गावाला प्रेरणा देण्याची सर्वांत मोठी शक्ती त्यांच्याच हाती आहे. वक्त्याने आपल्या शब्दाला जागावे, संयोजकाने तो शब्द पारखून घ्यावा आणि श्रोत्याने निःसंकोचपणे प्रश्न विचारावा, अशी त्रिविध शिस्त पाळली गेली, तर प्रेरणादायी व्याख्यान हा केवळ एका दिवसाचा समारंभ न राहता लोकशिक्षणाचे प्रभावी साधन ठरेल, यात शंका नाही.